संध्याकाळचं टाचण

आष्टा,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. आण्णांस,
रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर तुम्ही चिडता. त्यात कानाच्या मशीनची शिट्टी वाजते ती वेगळीच. तर हे चष्मा लावून सावकाश वाचा आणि चिडायचं ते सगळं वाचून झाल्यावर चिडा.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली आणि संयू गेली नाही. मीच पाठवली नाही. चौथीतली पोर, रोज सकाळी दप्तर बघितलं की न्हाणीत जाऊन उलटी करायची. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. शाळेत बाकावर उभं करून पाढे म्हणायला लावतात, ही अडखळते, पोरं हसतात आणि बाई हसणाऱ्यांना गप्प करत नाहीत. मी दोनदा जाऊन सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं की तुमचं शिक्षण किती. बारावी म्हटल्यावर त्यांनी समोरची वही उघडली आणि माझ्याकडं बघायचंच बंद केलं.

म्हणून संयूला मी घरीच शिकवणार आहे. ह्यांना जम्मूला फोन केला, तर ते म्हणाले तुला जमत असेल तर कर, पण आबांना विचार. आता आबा म्हणजे आमचे मामंजी तुम्हाला माहीत आहेतच. त्यांचं म्हणणं असं की ट्रॅक्टर चालवायला लायसन लागतं, कंडक्टरला बिल्ला लागतो, मग पोरगी शिकवायला काय बी नको व्हय? शेवटी म्हणाले, तुझे वडील गुरुजी आहेत, त्यांनी लिहून दिलं की सून शिकवायला योग्य आहे, तर मी बोलणार नाही. नाहीतर जूनपासून संयू निवासी शाळेत जाईल. होस्टेलचा फॉर्म त्यांनी आणूनसुद्धा ठेवलाय, कपाटात सातबाऱ्याच्या पिशवीत.

आण्णा, नऊ वर्षांची आहे हो ती. अजून झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरते. तिला होस्टेलवर कशी पाठवू? मला तुमची दोन ओळींची चिठ्ठी पाहिजे, बाकी काही नको.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
रेश्मा

*

सातारा, गोडोली,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेश्मा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा लावून वाचलं आणि तू सांगितलंस तसं शेवटपर्यंत थांबून मग चिडलो. तुझी आई म्हणते आता बास, पण ती तुझ्याच बाजूची आहे.

चिठ्ठी मी देणार नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. जन्मतारीख बदलून मागणारे सरपंच मी दारातून परत पाठवलेत. तू शिकवायला योग्य आहेस हे मला माहीत नाही, मग मी ते लिहू कसं? तुझा डी.एड.ला नंबर लागला नाही, तो विषय तेव्हाच संपला. आई असणं वेगळं आणि शिक्षक असणं वेगळं. माझ्या आईचा माझ्यावर लय जीव होता, पण तिला भागाकार येत नव्हता.

तरी तुझ्यासाठी लालासाहेबांना विचारलं. ते शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, रोज सकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. ते म्हणाले, शाळेतल्या शिक्षकाला डी.एड. पाहिजे, वर टीईटी पाहिजे. पण घरी शिकवणाऱ्या आईबापाला काय पाहिजे, ते त्यांना कुठल्या जी.आर.मध्ये दिसलेलं नाही. पोर परत शाळेत आली तर वयाप्रमाणे वर्गात घेतात. घरीच राहिली तर पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. म्हणजे कायदा तुला अडवत नाही. मी अडवतोय.

पण मी माणूस वाईट नाही. गुढीपाडव्यापर्यंत मुदत देतो. आम्ही शिक्षक टाचणवही भरतो, तशी तू भर. पाच रकाने आख: घटक, उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. रोज भरायची आणि महिना झाला की वही इकडं पाठवायची. मी लाल पेननं तपासून शेरा मारीन. वही बघून ठरवू.

संयूला आजोबाचा गोड पापा. तुझ्या हट्टासकट तू आमची लाडकी आहेस, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
आण्णा

*

आष्टा,
दि. २२ डिसेंबर २०२४

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वही रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. अक्षर बघून नाक मुरडू नका, चुलीपाशी बसून भरलीय.

आमच्या मळ्यात ऊसतोड आलीय. पहिले दोन दिवस संयू पुस्तकाकडं बघायलाच तयार नव्हती, म्हणून तिला फडात नेली. तोडकरी बायका उसाच्या मोळ्या बांधत होत्या. मग आमचं गणित तिथंच सुरू झालं, किती मोळ्या, किती गाड्या. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन वही घेऊन निघाली. बीडकडच्या एक चंद्राबाई आहेत, त्यांना ती मोठ्यानं मोळ्या मोजून दाखवते. मोजताना अडखळते, पण चंद्राबाईंना घाई नसते. एकशे सातवर अडली तर त्यापण कोयता टेकून थांबतात.

सकाळची उलटी बंद झालीय, आण्णा. आज एकविसावा दिवस.

मामंजी लांबून बघतात. शाळा म्हंजे फडात हिंडणं हाय व्हय, असं आत्याबाईंना म्हणाले. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

आईच्या गुडघ्याला तेल चोळत जा. तुमच्या लाल पेनाची वाट बघणारी,

रेश्मा

*

सातारा,
दि. २ जानेवारी २०२५

चि. सौ. रेश्मा हिस आशीर्वाद.

वही तपासली. बस आता खुर्चीत, कारण बरंच आहे.

पहिली गोष्ट. अगं बाई, टाचण आधी काढतात! उद्या काय शिकवायचं ते आज लिहितात. तू रोज संध्याकाळी, झालं ते लिहून ठेवलंयस. चंद्राबाईंनी कोयता टेकला हे 'कृती'च्या रकान्यात? याला टाचण म्हणत नाहीत, डायरी म्हणतात. लालासाहेबांना दाखवली तर ते रस्त्यात थांबून हसले. तेहतीस वर्षांत असली वही माझ्या टेबलावर आली नव्हती.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. ११ डिसेंबरचं पान काढ. ४१२ मोळ्या, चार गाड्यांत सारख्या भरायच्या, तर एका गाडीत किती? संयूनं उत्तर लिहिलंय १३ आणि तू त्यावर बरोबरची खूण केलीयस. रेश्मा, उत्तर १०३ आहे. चाराला चारानं भागलं, एक आला. पुढच्या एकात चार जात नाहीत, तिथं शून्य लिहायचं असतं. ते शून्य पोरं खातात. दर वर्षी, दर वर्गात, निम्मी पोरं तिथंच खातात, आणि शिक्षकाला ते पोरगं खाण्याआधी माहीत असतं. डी.एड.ला दुसरं काय शिकवतात गं? पोर कुठं घसरणार ते आधीच बघायला शिकवतात. तुझी पोर घसरली आणि तू पाठ थोपटलीस. म्हणून मी चिठ्ठी देत नव्हतो.

शेरा: टाचण पूर्वतयारी म्हणून काढावे. भागाकार पुन्हा घ्यावा. उलटी बंद झाली हे वाचून समाधान वाटले.

शेवटचं वाक्य शेऱ्यात बसत नाही, तुझ्या आईनं लिहायला लावलं. तुम्हा सर्वांवर आमची माया आहे तशीच आहे.

तुझा,
आण्णा

*

आष्टा,
दि. २९ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

शून्याचं तुमचं खरं आहे. वाचून कानाची पाळी गरम झाली. मी संयूला सांगितलं की माझं चुकलं आणि उत्तर न सांगता तिला परत फडात नेली. एका गाडीत तेरा, तर चार गाड्यांत किती, ते तिला मांडायला लावलं. बावन्न आल्या. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली की आई, तीनशे साठ मोळ्या कुणी पळवल्या? एकदाही न अडखळता. त्या दिवसापासून आमच्यात शून्याला चोर म्हणतात, आणि भागाकार सुटला की ती आधी चोर पकडलाय का ते बघते.

पण टाचणाचं मला पटत नाही. मी आधी लिहून बघितलं, आठ दिवस. सोमवारी लिहिलं, उद्या अपूर्णांक. मंगळवारी संयूच्या म्हशीला रेडकू झालं. आता अपूर्णांक शिकवू का रेडकू? तुमच्याकडं चाळीस पोरं होती, तुम्हाला आधी ठरवावंच लागत असेल. माझ्याकडं एकच आहे, आणि उद्या ती काय विचारेल हे मला आज कुठून कळणार? म्हणून मी संध्याकाळीच लिहिते. खरं लिहायचं तर झाल्यावरच लिहिता येतं.

१८ तारखेचं पान तुम्ही वाचाल तेव्हा मला तोंड दाखवायची लाज वाटेल, पण फाडलं नाही. तुम्ही सांगितलंत रोज भरायची, म्हणून भरलं.

आणि एक बोलते, राग मानू नका. डी.एड.चं सारखं टोचू नका. २००८ साली बारावीला मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. तुम्ही यादी बघून आलात, चप्पल काढायच्या आधी म्हणालात की नाव नाही, आणि मी गोठ्यात जाऊन रडले. कुणी बघितलं नाही. नंबर लागला असता तर मी आज कुणाच्या चिठ्ठीची भीक मागत बसले नसते. नशिबात नव्हतं त्याला मी काय करू? पण त्यावरून तुम्ही बोललात की लय लागतं.

दुसरी वही सोबत आहे. रागावून लिहिलं तरी तुमचीच,

रेश्मा

*

मु. आष्टा,
ता. ९ मार्च

नानासो गुरुजी यास्नी केरबाचा रामराम.

आमी सगळी खुशाल हाय, तुमी बी असाल. माज्या हातानं लिवतोय, चौथीपतूर शिकलोय, तवा चूकभूल पदरात घ्या.

रेश्मा म्हनती तुमी दुसऱ्या वहीचं काय उत्तर धाडलं न्हाई. सव्वा म्हयना झाला. पाडवा आला तोंडावर. निवासी शाळेचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली हाय. पोरगी आता बोलाय लागली हे मला दिसतंय की, मी काय आंधळा न्हाई. काल मला म्हनली, आजोबा तुमी खताची पोती मोजताना चोर सोडला. पर गुरुजी, मला काय कळतंय त्यातलं? उद्या मोठी हून म्हनली की आजोबानं माजं वाटुळं केलं, तर मी काय सांगू? म्हनून तुमचा कागुद मागतोय. तुमी न्हाई म्हनला तर होस्टेल. व्हय म्हनला तर मी तोंड उगडनार न्हाई.

आनी सून काय कमी हुशार न्हाई. तुमास्नी आठवतंय का, सुपारीला मी तुमच्या वसरीवर बसून म्हनलो हुतो, आमच्या घरात सात पिढ्यात कोन मास्तर न्हाई, पोरगी मास्तरीन झाली तर मी दोन वर्सं थांबीन. तुमी म्हनला यादीत नावच आलं न्हाई. मग मी गप बसलो. आजून मनाला लागतंय.

वयनीस्नी रामराम. कागुद लवकर धाडा. जीव लावलाय तसा लावून ऱ्हावा.

केरबा

*

सातारा,
दि. १७ मार्च २०२५

चि. रेश्मा हिस आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिलं खरं, पण हे पत्र वाचून झाल्यावर तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझी दुसरी वही सहा आठवडे टेबलावर आहे. १८ जानेवारीचं पान मी किती वेळा वाचलं असेल याचा हिशेब नाही. तू मूल्यमापनात लिहिलंयस: 'आज मला आलं नाही. सातचा पाढा तीनदा अडला तेव्हा मी हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. संयू न्हाणीत गेली आणि उलटी केली. चूक तिची नाही, माझी. उद्या पाढा नको.' त्यावर शेरा मारायला लाल पेन उघडलं आणि परत टोपण लावलं.

तेहतीस वर्षांत मी टाचणाची हजारो पानं भरली. सगळी आदल्या दिवशी. मूल्यमापनाच्या रकान्यात रोज एकच वाक्य: उद्दिष्ट साध्य झाले. पाठ व्हायच्या आधीच! पोरगं शिकलं का रडत घरी गेलं, त्याला जागाच नव्हती त्यात. मी हात नुसता उगारला नाही गं, मी मारलं. ते कुठल्याच वहीत नाही. तुझी वही डायरी आहे म्हणून मी हसलो आणि लालासाहेबांना हसवलं. त्याचं वाईट वाटतं.

पण ही गोष्ट छोटी आहे. दुसरी सांगायची आहे.

रेश्मा, यादीत तुझं नाव होतं.

दोनशे चौदावा नंबर. अजून पाठ आहे. फलकासमोर उभा राहून मी तो दोनदा वाचला, बोट ठेवून वाचला. त्याच आठवड्यात केरबांकडून तुला मागणी आली होती. फौजेत लागलेला मुलगा, बागायत जमीन, सज्जन माणसं. मला वाटलं, दोन वर्षं हे लोक थांबायचे नाहीत आणि असं स्थळ परत यायचं नाही. एसटीत बसून घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. चप्पल काढायच्या आधी बोललो, कारण काढल्यावर बोलवलं नसतं. तू गोठ्यात गेलीस ते मी बघितलं. कुणी बघितलं नाही असं तू लिहिलंस, तर ते खरं नाही. मी खिडकीत होतो.

आणि आठवड्यानं सुपारीत केरबा म्हणाले की पोरगी मास्तरीण झाली तर दोन वर्षं थांबू. त्यांनी परवाच्या पत्रात परत तेच लिहिलंय. तेव्हा प्रवेशाला अजून चार दिवस बाकी होते. मी तोंड उघडलं असतं तरी भागलं असतं. पण चारचौघांत गुरुजी खोटं बोलला हे कसं सांगू, म्हणून गप्प बसलो. तुझ्या आईलाही हे आज, हे पत्र लिहिताना सांगितलं. ती उठून आत गेली आहे आणि अजून बाहेर आली नाही.

जी पदविका मीच तुझ्या हातातून काढून घेतली, ती नाही म्हणून मी तुला इतके महिने टोचत राहिलो. माफ कर असं लिहायचंही माझं तोंड नाही.

खाली केरबांसाठी दाखला लिहिलाय. त्यात सगळं आहे. पाकीट उघडंच ठेवतो. त्यांना वाचून दाखवायचा की नाही, ते तुझ्या हातात. नुसती दोन ओळींची चिठ्ठी पाहिजे असली तर तीही देतो, कळव.

'दाखला. मी नानासो, निवृत्त मुख्याध्यापक, लिहून देतो की माझी मुलगी रेश्मा हिच्या दोन वह्या मी तपासल्या. तिच्याकडे शिक्षकाची पदविका नाही. ती मिळवण्यास ती पात्र ठरली होती. मी खोटे सांगून तिला जाऊ दिले नाही. भागाकारात ती एकदा चुकली, ती चूक तिने पोरीपुढे कबूल केली व दुरुस्त केली. आईबापाला पदविका लागते का, हे मला आता सांगता येत नाही. आपले चुकले हे त्याच दिवशी लिहिण्याची हिंमत लागते, एवढे सांगता येते. ती रेश्माकडे आहे, माझ्याकडे नव्हती. संयोगितास तिच्याकडेच शिकू द्यावे.'

तुझा,
नानासो

*

आष्टा,
दि. ३० मार्च २०२५, गुढीपाडवा

ती. आण्णांस,

नमस्कार लिहायला आज पेन उठत नाही. पुढच्या वेळी बघू.

 तीन दिवस जेवण गेलं नाही. दोनशे चौदा हा आकडा वहीच्या मागं लिहिला आणि खोडला, परत लिहिला. सतरा वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत होते, आण्णा. शाळेतल्या बाईंनी शिक्षण विचारलं तेव्हा मान खाली गेली ती त्याच्यामुळंच. तुम्ही खिडकीत होतात हे वाचून तर मला सगळ्यात जास्त राग आला. खिडकीतून बघितलंत आणि आत गेलात!

दाखला मी आज सकाळी गुढी उभारल्यावर मामंजींना वाचून दाखवला. सगळा. लपवून ठेवायची मला सवय नाही आणि लावूनही घ्यायची नाही. वाचताना मी दोनदा थांबले, पण वाचला.  मग मामंजींनी सातबाऱ्याची पिशवी आणली, होस्टेलचा फॉर्म काढला आणि पाठकोरा हाय म्हणून संयूला गणितं करायला दिला. तुमच्याबद्दल एवढंच म्हणाले की गुरुजीनं हे लिवायला लय जड गेलं असंल. 

संयू पाचवी घरीच शिकेल. मी यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालणार आहे. बाईंना सांगायला नव्हे. मला शिकायचं होतं म्हणून.

तुमचं पत्र परत पाठवतेय. तुम्ही माझ्या वह्यांना शेरा मारलात, तसा मीही मारलाय, तुमच्या सहीच्या खाली, लाल पेननं:

'पाहिले. कबुली सतरा वर्षे उशिरा. मे महिन्यात आष्ट्याला येऊन राहावे. संयूला रोज एक तास शिकवावे. टाचण संध्याकाळी लिहावे, जे झाले तेच. वही मी तपासेन.'

आईला बरोबर आणा. कानाची मशीन विसरू नका, संयू हळू बोलते, पण आता बोलते.

रेश्मा